विषाणूची जिनिंग

बर्फवाले सर यवतमाळात सायकलवरून बर्फाची लादी नेताना दिसले की लोक हमखास विचारायचे, "काय सर, कोणाकडे लगन?" सर पोत्यावरचा भुसा झटकत म्हणायचे, "लगन नाही बाप्पा, पाहुणे आहेत. त्यायले गरमी सोसत नाही." पाहुणे म्हणजे कॉलेजच्या फ्रीजमधली रसायनं. भारनियमनामुळे आमचा फ्रीज निव्वळ कपाट झाला होता.

कापसाचे भाव पडलेले, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगा एकेक करून बंद. सर त्यातूनच डेंग्यू शिकवायचे. "सरकी अलग झाल्याबिगर कापसाची गाठ बनते काय? तसंच विषाणूचं. त्याच्या प्रथिनाची लांब माळ एक एन्झाइम कापते, तवा नवा विषाणू तयार होते. आपल्या जिनिंगा बंद पडून राह्यल्या. त्याची तेवढी बंद पाडू." केळापूरची त्यांची धाकटी बहीण याच तापात नाकातोंडातून रक्त जाऊन गेली होती. ते एन्झाइम रोखणारी दवाई निवृत्तीआधी सापडावी, एवढाच त्यांचा ध्यास.

कोणी म्हटलं, अमक्या काढ्यानं बरं वाटलं, की सर विचारत, "अन् नसता घेतला तर?" प्रयोगातही बिनदवाईची नळी आधी पाहत. एन्झाइम जिवंत असलं की ती पिवळी होई. दवाई लागू पडली, तर दुसरी पांढरीच राही.

ते एन्झाइम बर्फाच्या थर्मासातून आणायला त्यांनी मला, त्यांच्या विद्यार्थ्याला, हैदराबादच्या प्रयोगशाळेत धाडलं. एसटीनं परतताना, भर मे महिन्यात, पांढरकवड्याला कोमट सरबत मिळालं. मी थर्मासातला बर्फ घातला. मग उदार होऊन ड्रायव्हर-कंडक्टरलाही गार सरबत पाजलं. यवतमाळच्या स्टँडवर नवा बर्फ भरला. सरांनी आत बोट घालून पाहिलं. "शाबास लेका, गारेगार!"

प्रयोगात दोन्ही नळ्या पांढऱ्या राहिल्या. एन्झाइम वाटेतच मेलं होतं. खरं सांगायचं सोडून मी मेसमधून चिमूटभर हळद आणली आणि बिनदवाईच्या नळीत टाकली.

एरवी सर नळी खिडकीशी नेऊन निरखत. त्या दिवशी त्यांचे डोळेच भरून आले. त्यांनी थेट केळापूरला आईला फोन लावला. "माय, बंद पडली वं त्याची जिनिंग!"

महिन्याभरानं हैदराबादचं पत्र आलं. सरांनी पाठवलेली दवाई तिथल्या प्रयोगशाळेनं तपासली होती, गुण शून्य. "माहीच घाई झाली," सर म्हणाले. "तू कायले तोंड पाडतं?" आईला हे सांगायला ते स्वतः गेले. सोबत चल म्हणाले, तर माझं पोट दुखायला लागलं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला शिफारसपत्र लिहून दिलं. 'याच्या नोंदींवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.' सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्या पत्रावर लागलेली नोकरी मी अजून करतो आहे.