हक्काची मतं

फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्याकडं दोन गोष्टी साठत जातात. एक कापून उरलेल्या पट्ट्या आणि दुसरे किस्से. पट्ट्या कुणीतरी गोठ्यावर घालायला घेऊन जातं. किस्से कुठं टाकायचे? आमच्या उचगावात माझ्या दुकानासमोर एक बाकडं आहे. संध्याकाळी त्यावर दोन-तीन माणसं हमखास असतात, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी राजकारणावर येतंच.

बाकड्याचे मुख्य मानकरी म्हणजे दस्तगीरमामू. वय सत्तरीच्या पुढं. आयुष्य गवंडीकामात गेलं, आणि उरलेलं सगळं पक्षात. पक्षाचं नाव सांगत नाही. आमच्या मुसलमान गल्लीत नुसतं 'पक्ष' म्हटलं तरी एकच समजतात. मामूंच्या वडिलांनी त्यालाच मत दिलं, मामूंनी त्यालाच दिलं, आणि मी, अल्ताफ शिकलगार, त्यांच्याकडं बघून त्यालाच देत आलो.

मामूंचं बीपी वाढलं म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेलतो. डॉक्टर म्हणाले, "तंबाखू बंद. मीठ कमी. आणि चिंता अजिबात करायची नाही."

मामू म्हणाले, "तंबाखू सोडतो. मीठ सोडतो. चिंता सोडायची म्हंजे पक्ष सोडाय लागंल की!"

डॉक्टर हसले. "मग सोडा की."

"आन् जाऊ कुठं, डॉक्टर?"

मामू हसत नव्हते. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि गोळ्या लिहायला घेतल्या.

*

आमच्या भागातले पक्षाचे पुढारी म्हणजे बापू. माणूस वाईट नाही. लग्नाला येतो, मयताला येतो, मुलाच्या ॲडमिशनला फोन करतो. फक्त अलीकडं जरा घाबरून असतो.

ईदच्या आधी बापूंच्या माणसाचा फोन आला. "अल्ताफभाई, ईदच्या शुभेच्छांचे फ्लेक्स करा. बापूंचा फोटो मोठा घ्या. आन् तुमच्या गल्लीतच लावा बरं का. हायवेला नको."

"का हो? दिवाळीचे तर हायवेला लावले होते."

"तसं न्हवं... वातावरण जरा बरं न्हाय."

मी फोन ठेवला आणि बाकड्यावर सांगितलं. मला वाटलं मामू चिडतील. ते चहा ओतता ओतता म्हणाले, "बरोबर हाय त्येंचं. गल्लीतल्या लोकास्नी ईद कधी हाय ते ठावं नसतंय!"

सगळे हसले. फ्लेक्स मी केले, गल्लीतच लावले. ईदच्या दिवशी नमाजावरून येताना प्रत्येक जण त्या फ्लेक्सखालून गेला. वर बघितलेलं मला तरी कुणी दिसलं नाही.

*

बाकड्यावरचे दुसरे मानकरी कांबळे सर. हायस्कूलातून रिटायर झालेले, बौद्ध समाजातले, बोलायला एकदम तिखट. त्यांचा समाजही तसा बापूंच्याच हिशेबात धरलेला.

एकदा एप्रिलात बाबासाहेबांची जयंती आणि आमच्या गल्लीतला एक कार्यक्रम एकाच संध्याकाळी आले. बापू आधी आमच्याकडं आले. भाषण झालं. "हा समाज माझ्या काळजात आहे. या मोहल्ल्याचं ऋण मी विसरणार नाही." टाळ्या झाल्या. तिथून बापू थेट विहारात गेले, माईक घेतला आणि म्हणाले, "हा समाज माझ्या काळजात आहे. या मोहल्ल्याचं ऋण..."

पहिल्या रांगेतून कांबळे सर उठले. "बापू, मोहल्ला मागं राहिला. ही वस्ती हाय!"

दुसऱ्या दिवशी सर हे सांगत होते तेव्हा मामूंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. सर थांबले आणि म्हणाले, "हसू नका मामू. बापूंच्या काळजात आपली खोली एकच हाय. येळ बघून आत कोण ऱ्हातंय ते बदलतंय."

*

मामूंची सून शबाना शिवणाचा क्लास चालवते. गावातल्या सगळ्या जातीच्या मुली तिच्याकडं शिकून गेल्यात. पंचायत समितीची जागा बायकांसाठी सुटली, तेव्हा तिच्या क्लासमधल्या बायकाच म्हणाल्या, "भाभी, तुमीच उभ्या ऱ्हावा!" मामूंना हे इतकं आवडलं की ते इस्त्रीचा सदरा घालून सुनेला घेऊन बापूंकडं गेले. सोबत मीही होतो.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. मग म्हणाले, "शबानाताई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच न्हाय. पर तुमच्या समाजाची मतं तर आपल्या हक्काची. तिकीट दिऊन नवीन काय मिळणार? तिकीट तिथं द्यायचं असतंय, जिथली मतं अजून आली न्हाईत."

शबानानं कप खाली ठेवला. "बापू, घरचीच माणसं म्हणून रोज शिळी भाकरी वाढायची व्हय?"

बापू खरंच ओशाळले. पण तिकीट गेलं ते दुसऱ्याच घरात.

आणि आठवड्याभरात तेच मामू, ज्या बाईला तिकीट मिळालं तिच्या प्रचाराची पत्रकं घेऊन दारोदार फिरत होते! स्वतःच्या दारातही त्यांनी एक पत्रक टाकलं. शबानानं ते उचललं, घडी घातली आणि त्यावर ब्लाउजचं माप काढायला घेतलं.

मतदान झाल्यावर मामूंनी जरा भीतभीतच विचारलं, "कुणाला दिलंस गं?"

"अब्बा, मतदान गुप्त असतंय. तुमच्या पक्षानंच कायदा केलाय म्हणता न्हवं?"

*

एक दिवस मात्र हसण्यासारखा नव्हता. कुणाच्यातरी मोबाईलच्या स्टेटसवरून तालुक्यात तणाव झाला. दुकानं बंद झाली, इंटरनेट बंद झालं. मोटरसायकलींचे ताफे घोषणा देत फिरू लागले. मी शटर ओढून आत बसलो होतो, सोबत मामू.

मामूंनी बापूंना फोन लावला. बापू म्हणाले, "मामू, शांत ऱ्हावा. घराबाहेर पडू नका. मी वर बोलायलोय." फोन कट. पुन्हा लावला तर उचलला नाही.

शेजारी संभा पाटलाचं खताचं दुकान. संभा समोरच्या पक्षाचा, त्यांच्या प्रत्येक मिरवणुकीत पुढं. शटरच्या फटीतून आम्हाला दिसलं, संभानं प्लास्टिकची खुर्ची आणली, माझ्या शटरसमोर ठेवली आणि पायावर पाय टाकून बसला.

ताफा आला, थांबला. कुणीतरी ओरडलं, "हे दुकान कुणाचं?"

"माझं," संभा म्हणाला.

"बोर्डावर शिकलगार लिवलंय!"

"भाड्यानं दिलंय. फुटलं तर भाडं कोण देणार, तुझा बा?"

दुकान माझंच आहे, भाड्याचं नाही. त्या पोरांतली निम्मी संभाच्याच पक्षाची होती, त्यांना ते चांगलं माहीत होतं. तरी ताफा पुढं गेला. संभा मात्र अंधार पडेपर्यंत खुर्चीवरून उठला नाही.

पुढं निवडणूक आली. संभा गळ्यात त्याच्या पक्षाचा पंचा घालून बाकड्यावर येऊन बसला. "मामू, या बारीला आमचा इचार करा."

मामूंनी त्याचा हात हातात घेतला. "संभा, तू उभा ऱ्हा. डोळं झाकून देतो. पर तुझ्या मागं जी उभी हायती, ती बघितली की बोट बटणावर जात न्हाय रं."

संभानं पंचा काढून खिशात घातला आणि म्हणाला, "चा तरी सांगा."

*

त्याच निवडणुकीत बापूंच्या पक्षाची मोठी सभा झाली. जुना कार्यकर्ता म्हणून मामूंना स्टेजवर पहिल्या रांगेत जागा दिली होती. दाढी विंचरून, टोपी घालून मामू जाऊन बसले. मुंबईचे नेते यायच्या जरा आधी बापू वाकून त्यांच्या कानाशी लागले. "मामू, वाईट वाटून घेऊ नका. जरा मागच्या रांगेत बसता? समोरचे लोक फोटो काढत्यात आन् उलटंच फिरवत्यात. आपलीच मतं जात्यात."

मामू उठले. मागच्या रांगेत गेले नाहीत. पायऱ्या उतरून खाली आले आणि मी आणि कांबळे सर बसलो होतो तिथं सतरंजीवर बसले. काय झालं ते त्यांनी आम्हाला दोन वाक्यांत सांगितलं. सर तिथंच उठून जायला निघाले होते, मामूंनी त्यांना धरून बसवलं.

नेते आले, बोलले. "आपला पक्ष सगळ्या जातीधर्मांना बरोबर घेऊन चालणारा पक्ष आहे!"

अख्ख्या मैदानात पहिली टाळी मामूंनी वाजवली.

सर भडकले. "मामू, आता वर काय झालं? आन् तुमी टाळ्या वाजवताय?"

मामू म्हणाले, "वाक्य चांगलं हाय, सर. म्हणणारा घाबरला म्हणून वाक्याला कशाला शिक्षा?"

*

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेत रांग होती. पुढं मामू, मागं मी. मामूंचं मतदान म्हणजे आमच्यात चेष्टेचा विषय. आत गेले की शाई वाळायच्या आधी बाहेर! एकदा तर अधिकाऱ्यानं विचारलं होतं, "काका, बटण दाबलं का नाही?"

या वेळी मामू पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले आणि मशीनचा आवाजच येईना.

मी शाईचं बोट धरून उभा. मागची रांग चुळबुळायला लागली. दारातून कुणीतरी ओरडलं, "मामू, झोप लागली काय?" टेबलावरच्या बाईंनी मान उंच करून बघितलं. शेवटी अधिकारी उभे राहिले. "आजोबा, मशीन बंद पडलंय का?"

"न्हाय साहेब, मशीन चांगलं हाय."

"मग काय अडचण आहे?"

आतून मामूंचा आवाज आला, एकदम शांत.

"जरा दम धरा. सगळी नावं वाचाय लागलोय. आजवर कधी वाचलीच न्हवती."

अधिकारी खाली बसले. मग बऱ्याच वेळानं मशीनचा तो लांब आवाज आला.