खालच्या कप्प्यातली मेणबत्ती

ख्राइस्टचर्चला आमच्या कुंपणापलीकडे एक सर्बियन म्हातारी राहते. आम्ही दोघं नोकरीला, म्हणून मुलगी लहानपणी शाळा सुटली की तिच्याकडे थांबायची. तिला ती ‘बाका’ म्हणते. त्यांच्याकडे आजीला तसं म्हणतात. त्या घरात बसून मुलगी सर्बियन घडाघडा बोलायला शिकली. आमचं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. कधी चुकून मराठीत बोलली की मी तिची चूक सुधारतो. ती वाक्य अर्धवट सोडून पुन्हा इंग्रजीवर येते.

मागच्या वर्षी म्हातारीला एकदा आपल्या मुलखातला मठ बघायची इच्छा झाली आणि मुलीने बरोबर जायचा हट्ट धरला.

“सोळा वर्षांची पोर एवढ्या लांब कशी पाठवायची?” असं म्हणून मी माझंही तिकीट काढलं.

बायको हसली. “सरळ सांग ना, म्हातारीवर जळतोस.”

“काहीतरीच!”

“मग त्या घरातून दोघींचं हसणं ऐकू आलं की खिडकी का लावतोस?”

मी बॅग भरत राहिलो.

मठ डोंगरांच्या घळीत, नदीच्या काठावर होता. कित्येक शतकांपूर्वीचा, बुटका, जाड भिंतींचा. आत भिंतीवरचे संत धुराने काळवंडले होते. दाराशी काळ्या कपड्यातली एक जोगीण उभी होती. मुलगी तिच्यापुढे वाकली, काहीतरी बोलली. जोगिणीने तिचा गाल थोपटला. मग माझ्याकडे बोट दाखवून तिने काही विचारलं आणि तिघीही हसल्या.

“काय म्हणतात?” मी विचारलं. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

“त्यांना वाटलं, तू आमचा ड्रायव्हर आहेस,” मुलगी इंग्रजीत म्हणाली.

आत शिरताच पत्र्याचा दोन कप्प्यांचा स्टँड होता, दोन्हींत रेती. वरचा कप्पा जिवंत माणसांसाठी, खालचा गेलेल्यांसाठी, असं मुलीने मला नीट समजावून सांगितलं. म्हातारीने माझ्या हातात मेणबत्ती दिली. मुलीकरवी म्हणाली, “माझ्यासाठी एक तू लाव. पाहुण्याच्या हातून लागलेली चांगली.”

मी पिशव्या एका हातात घेतल्या, मेणबत्ती पेटवली, वाकलो आणि खालच्या रेतीत खोचली.

दिवा खाली ठेवायची घरची सवय, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण मी नीट ऐकलं होतं.

मुलगी माझ्यावर ओरडली. सर्बियनमध्ये. आपण काय बोलतोय हे तिच्याही लक्षात आलं नसावं. रागात माणसाच्या तोंडून जी भाषा आधी येते, तीच त्याची. मुलीची ती दुसरीच कुठली तरी निघाली. मनाला लागली ती माझी चूक नाही, हीच गोष्ट.

म्हातारीला मात्र खोकला येईपर्यंत हसू आलं. “सांग बापाला,” मलाही कळावं म्हणून ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “एवढी घाई नको. अजून जेवायची आहे मी.”

मुलीने ज्योत हाताने झाकत ती मेणबत्ती वरच्या कप्प्यात लावली. बाहेर येऊन आम्ही दोघं नदीच्या कठड्यापाशी थांबलो.

“मुद्दाम केलंस?” तिने इंग्रजीतच विचारलं.

‘नाही’ तोंडापर्यंत आलं होतं. “माहीत नाही गं,” मी म्हणालो. “तू तिच्याशी जशी बोलतेस ना, ते मला बघवत नाही.”

“बाका मला शब्दाशब्दाला अडवत नाही.” ती पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, “आजीसाठी लावलीस?”

माझी आई आदल्या हिवाळ्यात पुण्यात गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आणि इथे मी जिवंत बाईला मेलेल्यांत बसवून माझ्या मेलेल्या आईला साफ विसरलो होतो.

“मी लावली,” मुलगी म्हणाली. मराठीत.

मी विचारलं, “काय म्हणालीस आजीला?”

तिने आधी सर्बियन वाक्य पुटपुटलं, मग शब्द शोधत तेच मराठीत आणलं. बाबा बरा आहे, तू काळजी करू नको, अशा अर्थाचं. वाक्य अडखळत आलं, त्यात दोन चुका होत्या. दुरुस्ती माझ्या जिभेवर आलीच. मी ती गिळली.

“अजून काय म्हणालीस?”

“हळू सांगते,” ती म्हणाली. पण तेवढ्यात दारातून म्हातारीने हाक मारली. मुलगी तिच्या भाषेत ओ देत धावली.

पिशव्या कठड्यापाशी ठेवून मी आत गेलो. खाली आईसाठी एक मेणबत्ती लावली. मग वर, म्हातारीसाठी, दुसरी. ती खूप जगावी असं मला मनापासून वाटत होतं का? तेव्हा तरी नाही. पण मेणबत्ती मी वरच लावली.