राव काकांना पत्र ऐकवायचं असे

राव काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात, त्यांच्याकडेच पाठवायचा एक कागद शोधत होते. फोन काकूंचा. "कॉफी प्याले, पेपर मागितले, मी आणेपर्यंत गेले मा." पिकलं पान, सुखाचं मरण... तरी कागद सापडल्यावरही मी तो हातात धरून बराच वेळ उभी होते.

काका तंजावरकडचे मराठी. परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायचं तर कंपनीला व्हिसाची कागदपत्रं करावी लागतात. ती काका तिरुवल्लिकेणीतल्या घराच्या पुढच्या खोलीत करून देत. त्यांची एक खोड होती. कंपनीचं पत्र ते स्वतः वाचत नसत. ज्यानं लिहिलं त्यानंच समोर बसून मोठ्यानं वाचायचं, आणि हे वेताच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकणार. मी सांगलीहून या तमिळ मुलखात नवी आलेली. पहिल्यांदा वाटलं, म्हातारा झोपला. आत स्वयंपाकघरात काकूंची भांडी मात्र वाजायची थांबत.

मग मी शहाणपणा केला. आमचे जपानी तंत्रज्ञ तनाकासान, त्यांच्या व्हिसाच्या मुदतवाढीसाठी दुसऱ्या कुणाचं जुनं पत्र उचललं, नाव बदललं आणि काकांना न ऐकवता परस्पर भरलं. परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयानं विचारलं, पत्रातलं काम आणि करारातलं काम वेगळं कसं? महिनाअखेरपर्यंत उत्तर पटलं नाही तर तनाकासानना बायको-मुलीसह परत जावं लागणार होतं. मुलगी आत्ता कुठे शाळेत रुळली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सगळं सांगायला गेले, तर काका रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. बसनं अंबत्तूरला आले आणि पत्रा दाबणाऱ्या प्रेसजवळ तासभर उभे राहिले. तनाकासान पत्र्यावरून बोट फिरवत, मान हलवत, साचा पुन्हा खोलायला लावत. आमचे चार कामगार तसंच बोट फिरवून शिकत होते.

"हे लिही," काका म्हणाले.

"आमची माणसं शिकतायत असं लिहिलं तर यांची गरज काय, असं विचारतील ना?"

"शिकवणारा गेला तर शिकणं अर्धं राहतं, तेही लिही. खरं लिहायला भय कशाला मा?"

ते पत्र मी त्यांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडले. "सरी, बरोबर. आता माणूस दिसतो." मुदतवाढ मिळाली. तनाकासानची मुलगी आता रिक्षावाल्याशी माझ्यापेक्षा बरं तमिळ बोलते, आणि तिला तसं बोलताना ऐकलं की मला फार बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात तनाकासानच्याच पुढच्या मुदतवाढीचं पत्र तयार झालं. थेट भरता आलं असतं, पण मी तिरुवल्लिकेणीला गेले. काकू दार उघडून पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. रिकाम्या खुर्चीसमोर बसून मी सगळं पत्र वाचलं, घडी घातली.

"दुसरं पान घाईत वाचलीस," आतून आवाज आला.

काकू हात पुसत बाहेर आल्या, वेताच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी घडी उलगडली.