फळ्यावरची तिसरी ओळ

माझ्या थोरल्या बहिणीचं दुकान आणि माझं सायकल दुरुस्तीचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. तिचं शिलाई मशीन चालू आहे की बंद, हे मला पंक्चर काढता काढता कळतं. ती पोहण्याचे फाटलेले रबरी सूट जोडून देते आणि बॉडीबोर्ड भाड्याने देते. बॉडीबोर्ड म्हणजे पोटावर झोपून लाटेवरून घसरत यायची आखूड, जाड फोमची फळी. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. त्याचं व्याज म्हणून ती अजून मला गिऱ्हाइकांसमोर झापते.

तिच्या दारात एक फळा आहे. रोज सकाळी ती त्यावर तीन ओळी लिहिते: वारा, लाट, वाळू. तो वाचल्याशिवाय इथे कुणी पाण्यात उतरत नाही.

पहिल्या दोन ओळी पायरीवर बसूनही लिहिता येतात. सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, तो लाटेला समोरून थोपवतो, मग ती उभी राहून सावकाश फुटते. दहानंतर खारा वारा सुटला की सगळा चुराडा. शाळेत हे आम्ही दोघांनी पाठ केलं होतं. मी पेपरात लिहून विसरलो, ती त्यावर पोट भरते.

घोडं पेंड खातं ते तिसऱ्या ओळीवर. आमची लाट फुटते ती किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखालच्या वाळूच्या बांधावर. आणि वाळूच ती, समुद्र दोन दिवस खवळला की बांध कुठल्या कुठे सरकतो. म्हणून ताई रोज ओहोटीला काठी घेऊन त्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. पावलं मोजते आणि पाणी कुठे घोटाभर, कुठे गुडघाभर, कुठे मांडीभर हे लक्षात ठेवते. तीसेक वर्षं चालतेय. त्यात न चालता ओळ लिहिली अशी एकच सकाळ, आणि ती नेमकी माझ्या नशिबी आली.

चौदा वर्षांपूर्वी भाची तापाने फणफणली होती. ताईने पायरीवरूनच उंटावरून शेळ्या हाकल्या आणि 'वाळू: उत्तम' असं लिहिलं. मी गेलो. लाटेने मला उचलून वीतभर पाण्यात आपटलं. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मी घोट्याच्या वर पाण्यात गेलेलो नाही, आणि पायाने पाहिल्याशिवाय ताईने तिसरी ओळ लिहिलेली नाही. लोक तिच्या शब्दाला काळ्या दगडावरची रेघ म्हणतात. ती माझ्या हाडावर ओढलेली आहे, हे मी अधूनमधून तिला ऐकवतो.

गेल्या वर्षी अठरा वर्षांखालच्या संघाची निवड आमच्या किनाऱ्यावर ठरली. भाची निवडीनंतरच्याच गुरुवारी अठरा पूर्ण करणार होती, म्हणजे तिची ही शेवटची संधी. पोरगी चार वर्षं पहाटे उठून तयारी करत होती. तिच्या सूटच्या कोपरांवर ताईने इतकी ठिगळं लावली होती की मूळ सूट कुठला ते ओळखू येत नव्हतं.

निवडीआधी दोन दिवस समुद्र खवळला, आणि आदल्या संध्याकाळी ताई स्वतःच्याच पायरीवरून घसरली. घोटा नारळाएवढा सुजला.

सकाळी वारा मतलई. लाट छातीएवढी, काचेसारखी स्वच्छ. ताईने खुर्चीत बसून पहिल्या दोन ओळी लिहिल्या आणि खडू हातात धरून थांबली. समोर पंधरा-वीस मुलं समुद्राकडे पाठ करून फळ्याकडे बघत होती. स्पर्धेचे आयोजक गळ्यातली शिट्टी चाळवत म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिलं की मी शिट्टी वाजवतो."

"पाहिलेलं नाही," ताई म्हणाली.

मी तिच्या कानाशी लागलो. "अगं, दिसतंय ना सगळं. लिहून टाक. पोरीचं वर्ष आहे."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खांद्याकडे पाहिलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच भांडतो.

मग तिने काठी उचलून भाचीपुढे धरली. "तू चालून ये."

"चोराच्या हाती किल्ल्या देतेस," मी म्हटलं. "जिला उतरायचंय तिलाच विचारणार?"

"मग तू जातोस?"

मी काठीला हात लावला नाही.

भाची बोर्ड मनगटाला बांधून गेली. जीवरक्षक मागोमाग होता. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ती बांधाच्या मध्यावर जायची, मागे यायची, परत जायची. शेवटी केसांपासून निथळत येऊन उभी राहिली.

"चाळीस पावलांपर्यंत घोटाभर," ती म्हणाली. "मग पंचेचाळीसला पाय लागत नाही. बांध फुटलाय, आई. सगळं पाणी तिथून आत ओढतंय."

"परत मोजलंस?"

"तीनदा. शेवटच्या दोन वेळा माझं चुकलंय का ते बघायला."

ताईने खडू तिच्याकडे दिला. तो आजवर तिने कुणाला हातात धरू दिलेला नव्हता, मलाही नाही. भाचीने तिसरी ओळ लिहिली: 'वाळू: उतरू नका.' आयोजकांनी शिट्टी खिशात टाकली आणि निवड दोन आठवडे पुढे ढकलली. भाची आतल्या खोलीत गेली. दार तिने हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी मी ताईच्या घोट्याला पट्टी बांधत होतो. मशीन बंद होतं. मी म्हटलं, "जीवरक्षक होता सोबत. पोरीने खोटं सांगितलं असतं तरी तुला कळलं असतंच."

"तो किनाऱ्याच्या बाजूने पोहत होता. त्याच्या पायाखाली काय होतं?" तिने पट्टीचं टोक धरून दिलं. "तिने ठीक आहे म्हटलं असतं, तर मी लिहिलं असतं. तिच्या शब्दावर."

माझे हात थांबले. स्वतः न पाहता लिहायचं, हे त्या अपघातानंतर मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

"तिला माहीत होतं हे?"

"माझीच पोर आहे," ताई म्हणाली. "काठी घेताना हळूच विचारलं तिने मला, 'मी सांगेन तेच लिहिशील?' मी हो म्हटलं."