नाकपुडीवरून ओळखलेलं कूळ

माशांच्या टाकीतल्या आमच्या पिवळ्या मादीचा गळा फुगला आणि तिने खाणं सोडलं, तेव्हा कसलीही शहानिशा न करता मी मुलीला दोषी ठरवलं. ती सहावीत होती. माशांना खायला घालणं तिचं काम. जास्त खाऊ घालून तूच मासा आजारी पाडलास, असं म्हणून मी खाद्याचा डबा कपाटावर ठेवला. चिमूटभरच घालते, एवढंच ती बोलली आणि नंतर टाकीकडे फिरकली नाही. खराडीतल्या आमच्या छोट्या घरात टाकीकडे न बघता वावरणं सोपं नाही. तिने ते जमवलं.

एका रविवारी मी पाणी बदलत होतो. दगडाआडच्या मादीने तोंड उघडलं आणि आतून जिऱ्याएवढं पिल्लू बाहेर आलं. मागोमाग आणखी. माझा हात हलला, तशी सगळी पुन्हा तिच्या तोंडात शिरली. मी नळी धरून तसाच बसून राहिलो. पोरं तोंडात होती म्हणून ती इतके दिवस उपाशी होती.

मग वाचायला लागलो. आमची पिवळी सिक्लिड निघाली; सिक्लिड हे उष्ण प्रदेशातल्या गोड्या पाण्यातल्या माशांचं कूळ. यांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. बहुतेक माशांना नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन छिद्रं, यांना मात्र एकेकच. आपल्या उजनी धरणातली, बाजारात मिळणारी चिलापीही यातलीच, हे काही खरं वाटेना. मासळीबाजारात जाऊन वाकून पाहिलं. चिलापीला खरंच एकेक, शेजारच्या रोहूला दोन-दोन.

"साहेब, मासा घ्यायचाय की स्थळ बघायला आलात?" मासळीवाली म्हणाली.

कुठे आफ्रिकेतल्या तळ्यातली आमची पिवळी, कुठे परातीतली ही करडी! रंग, आकार, देश बाजूला ठेवून कुणीतरी टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रापाशी थांबलं होतं, म्हणून त्यांचं नातं कळलं. मी तर घरातल्या पोरीकडेही तेवढं थांबून पाहिलं नव्हतं.

घरी येऊन डबा काढला आणि तिच्या वहीशेजारी ठेवला. मादी आजारी नाही, तिच्या तोंडात पिल्लं आहेत, असं सांगितलं.

"तीपण मीच जास्त घातली का?" मान वर न करता ती म्हणाली.

"नाही. तू काहीच चुकीचं केलं नव्हतंस. मी न बघता बोललो. माझं चुकलं, बाळा."