कारभाऱ्याच्या घरातली पंगत

इतिहास जिवंत ठेवायचा तर कुणाला तरी मोठा त्याग करावा लागतो. उत्तरेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी लोकांच्या बालाजी घाटावरच्या इतिहास मंडळाने हा त्याग वर्षानुवर्षं आळीपाळीने एकमेकांना शाली पांघरून केला.

मंडळ भरायचं ते पेशव्यांच्या एका कारभाऱ्याच्या घरात. तळमजल्यावर संग्रहालय होतं: गंजकी तलवार, पालखीचा दांडा, आणि कारभाऱ्याचा म्हणून दाखवला जाणारा एक अडकित्ता. प्रत्येक वस्तूपुढे ‘हात लगाना मना है’ अशी चिठ्ठी. तलवारीला चिठ्ठीची गरज नव्हती, धनुर्वाताची भीती पुरेशी होती. दर महिन्याला इथे एक व्याख्यान व्हायचं. त्यात कारभाऱ्याचा पराक्रम वाढत जायचा आणि श्रोते कमी होत जायचे.

माझे काका मंडळाचे चिटणीस. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांना ‘साहेब’ म्हणणारी ही एवढीच जागा उरली होती. म्हणून घरमालक हे घर एका लॉजवाल्याला विकायला निघाला, तेव्हा काकांची झोप उडाली. सरकारने ‘संरक्षित इमारत’ अशी पाटी लावली तरच विक्री थांबणार होती आणि पाटी लावणं लखनौच्या एका अधिकाऱ्याच्या हातात होतं. ते पाहणीला येणार असं कळल्यावर काकांनी पेशवेकालीन पंगतीचा घाट घातला.

“जेवायला घालून पाटी मिळते होय?” काकूंनी विचारलं.

“हे जेवण नव्हे, हा इतिहास आहे,” काका म्हणाले.

“मग भात कुणी इतिहासातल्यानेच रांधावा.”

भात अर्थात काकूंनीच रांधला.

काकांनी नियम दोन केले. प्रमुख पाहुण्यांनी आपोशन घेतल्याशिवाय, म्हणजे ओंजळीतलं पाणी पिऊन सुरुवात केल्याशिवाय, कुणी घास उचलायचा नाही. आणि पान मांडल्यापासून पंगत उठेपर्यंत मौन. दोन्ही गोष्टी आमच्या घरांतून कधीकाळी पाळल्या जात, त्यामुळे कुणाला आक्षेप घेता येईना. मौनाची सूचना हिंदीत लिहून दारावर लावली. आपोशनाची लावली नाही. ती काय सांगायची गोष्ट आहे, असं काकांचं मत होतं.

अधिकारी सफारी सूट घालून आले. काकांनी त्यांना संग्रहालयाच्या तिन्ही खोल्या दाखवल्या. त्यांनी अडकित्त्याकडे हात नेला तसे काका घाईने म्हणाले, “सर, हात मत लगाइए.” त्यांनी हात मागे घेतला तो खिशातच ठेवला. मग चौकात पाट, रांगोळ्या, केळीची पानं आणि सोवळ्याचे मुकटे नेसलेले उघडे म्हातारे. “सर, यह पेशवाकालीन पंगत का दर्शन है,” एवढं सांगून काकांनी त्यांना मधल्या पाटावर बसवलं, स्वतः यजमान म्हणून समोर उभे राहिले आणि मौनात गेले.

वाढप झालं. वरणभातावर तूप पडलं. सगळे पाहुण्यांकडे पाहू लागले. पाहुणे सगळ्यांकडे पाहू लागले. काकांनी ओंजळ करून तोंडाकडे नेली. पाहुण्यांनी उलट नमस्कार केला. काकांनी पुन्हा ओंजळ केली. त्यांनी पुन्हा, जरा जास्त वाकून, नमस्कार केला.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, “अहो, सांगा की त्यांना. भात गार झाला.”

काकांनी डोळे वटारले. मौन त्यांचं होतं. ते लखनौच्या देखत मोडायची त्यांची तयारी नव्हती. माझ्या शेजारी एक निवृत्त रेल्वे गार्ड बसले होते. ते पुटपुटले, “अरे, लाइन क्लिअर देणार कोण? इथे तर सगळेच सिग्नलवाले.” मी हसू दाबलं. समोरच्या पुराणिकबुवांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू पेशवाई आम्हीच बुडवली.

भातावरचं तूप थिजलं. पाहुण्यांनी पानावरची चटणी, कोशिंबीर, मीठ, लिंबू यांची मांडणी डोकं तिरपं करून न्याहाळली. हात मांडीवर ठेवून ते थोडा वेळ भक्तिभावाने बसले आणि मग उठले.

पंगतीतला एक उठला की सगळ्यांनी उठायचं, हा तिसरा नियम काकांनी केलेला नव्हता. तो आमच्या अंगातच होता. पुराणिकबुवा उठले, गार्ड उठले, मीही उठलो. अख्खी पंगत उपाशीपोटी हात धुवायला गेली. हाताला काहीच लागलेलं नव्हतं, तरी सगळ्यांनी ते नीट चोळून धुतले.

अधिकारी भारावले होते. “भोजन तक असली रखा है,” ते काकांना म्हणाले. “मैं तो हाथ लगाने की सोच भी नहीं सका.”

काका म्हणाले, “जी.”

पाहुण्यांची मोटार गेल्यावर काकूंनी पातेली चौकातच आणून आदळली आणि सगळ्यांना उभ्याउभ्या जेवायला वाढलं. त्या वेळी मौन कुणी पाळलं नाही.

घर वाचलं. काही महिन्यांनी पाटी आली, निळी, चांगली मोठी. इमारत संरक्षित घोषित झाली होती आणि तिच्या आवारात चूल पेटवणं, भोजन करणं आणि सभा भरवणं यांना मनाई होती.