दोन पेपरांची एकच चूक

गावच्या वाचनालयात मी झाडू मारायचे. तिथे एस.टी.ने तीन पेपर येत. निवृत्त गुरुजी त्यांतल्या बातम्या बाहेरच्या फळ्यावर लिहीत, आणि गाव तेवढंच खरं मानी. मी चौथी शिकलेली. आवरता आवरता पेपर वाचायचे, पण कोणाला कधी सांगितलं नाही.

आदल्या पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता. तो झाला नाही तर पोरींची हायस्कूलची वाट बंद. माझी मुलगी जूनमध्ये आठवीत जाणार होती. तिला शाळेतून काढून घरी बसवायचं चाललं होतं. म्हणून मंगळवारी आम्ही बायका साकवाचा अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीवर गेलो. साहेब भेटलेच नाहीत. अर्ज तसाच माघारी आणला.

दोन दिवसांनी फळ्यावर वाचलं, ‘साकव मंजूर. साहेबांनी अर्ज स्वीकारला. महिला समाधानाने परतल्या.’

बायका म्हणाल्या, “झालं की गो! आता कशाला जायचं परत?”

मी आत जाऊन तिन्ही पेपर जमिनीवर पसरले. दोन पेपरांत मंजुरी होती. तिसऱ्यात चारच ओळी, की बायका भेट न होता परतल्या.

गुरुजी म्हणाले, “दोन पेपर एक सांगतात, एकटा वेगळं. कोणाचं धरायचं?”

मी पुन्हा वाचलं. त्या दोन्हींतली वाक्यं शब्दाला शब्द सारखी. दोन्हींत वारही सोमवार, आणि आम्ही तर मंगळवारी गेलो होतो.

“गुरुजी, दोन पोरांचं गणित सारखंच चुकलं तर तुमी काय म्हणायचात?”

“बघून लिहिलंय म्हणायचो.”

“मग हे दोन पेपर नाय. कोणीतरी लिवून दिलेलं दोघांनी छापलंय. अर्ज तर माझ्या ट्रंकेत हाय.”

“अगं, छापून आलंय. तू चौथी पास...”

“चौथी पास हाय. पण तिथं मी होते, हे लिवणारा नव्हता.”

मी गुरुजींचा खडू घेतला आणि फळा पुसला. तिन्ही पेपरांचं म्हणणं शेजारी शेजारी लिहिलं आणि खाली, ‘अर्ज आमच्याकडेच आहे. येत्या सोमवारी पुन्हा जायचं.’ गुरुजींनी खडू परत मागितला नाही.

सोमवारी साहेब भेटले. मी अर्ज दिला आणि पोच मागितली.

“बाई, विश्वास नाही का?”

“नाय.”

शिक्का घेऊनच उठलो.

साकव दिवाळीनंतर झाला. तोवर मुलीला मी ओढ्यापलीकडे टोकावड्याला माझ्या बहिणीकडे शाळेसाठी ठेवलं. सासरचे बोलले. मी म्हटलं, बोला. ती आठवीत गेली.